पाय धुवायचं पाणी

१

दिवेलागणीची वेळ झाली की मनुबाई वैती जस्ताची बादली नळाखाली धरायची, काठोकाठ भरायची आणि दाराबाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवायची. शेजारी एक खरखरीत काळा दगड, टाचा घासायला. कोलशेतच्या कोळीवाड्यात यात नवल असं काही नव्हतं. खाडीवर गेलेला माणूस गुडघ्यापर्यंत गाळ घेऊनच परत येतो, आणि तो वास एकदा का घरात शिरला की चार दिवस हलत नाही. म्हणून पाणी दारात. नवल एवढंच, की मनुबाईचा नवरा दामाजी खाडीवर गेला त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

होडी सापडली होती, पलीकडच्या काठाला तिवरांत उलटी अडकलेली. दामाजी सापडला नाही. पहिल्या वर्षी ती भरलेली बादली बघून आळीतल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी उपदेश करून पाहिला. मग सगळ्यांना सवय झाली, आणि पोरं खेळताना बादलीला वळसा घालून पळू लागली. मनुबाई कपाळाला ठसठशीत कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या भरायची, आणि सकाळी ते शिळं पाणी माडाच्या बुडाशी ओतून टाकायची.

लहानपणी पाणी ओतायचं काम जयाचं असे. दामाजी पायरीवर उभा राहायचा, आधी डावा पाय पुढे करायचा, मग उजवा. "घाई नको गो, टाचंवर वत," म्हणायचा. पाय स्वच्छ झाल्याशिवाय तो उंबरठा ओलांडत नसे. एकदा जया तापानं फणफणली होती आणि त्याला खाडीतून बोलावून आणलं, तरी गड्यानं आधी पायच धुतले. त्यावरून मनुबाई पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती.

आता जया बावीस वर्षांची होती. नौपाड्यात सरोजताईंच्या डीटीपीच्या दुकानात ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. तिचं स्वतःचं लग्नही ठरलं होतं, कल्याणच्या खाडीकाठच्या हरिहरशी. तुळशीचं लग्न लागलं की आठ-दहा दिवसांत बार उडवायचा, असं दोन्हीकडून पक्कं झालं होतं.

सरोजताईंच्या भावानं दुबईहून एक डिजिटल कॅमेरा पाठवला होता. साबणाच्या डबीएवढा, चंदेरी, मागे आगपेटीएवढा पडदा. रोल नाही, धुलाई नाही. फोटो काढला की लगेच मागे दिसतो. नव्याण्णव साली ही अपूर्वाईच होती. सरोजताई मनाच्या मोठ्या. त्या म्हणाल्या, "हळदीपर्यंत तुझ्याकडे ठेव. लग्नाचे फोटो काय सगळेच काढतात. तू लग्नाआधीचं घर टिपून ठेव, नंतर तेच आठवतं बघ."

जया घरी पोचली तेव्हा वीज गेलेली होती. मनुबाई नुकतीच बादली ठेवून पायरीवर टेकली होती. जयानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि अंधारात फ्लॅश पांढराफट्ट चमकला.

"आई गो! डोले फुटले ना माझे," मनुबाई ओरडली, आणि मग आपल्याच ओरडण्याला हसली. ती हसली म्हणून जयाला इतकं बरं वाटलं, की तिनं लगेच आणखी दोन फोटो काढले.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सरोजताईंनी वायर जोडून फोटो कॉम्प्युटरवर घेतले. एकेक फोटो वरून खाली, पडदा उलगडावा तसा हळूहळू उमटत होता. आधी दाराची चौकट, मग मनुबाईचं हसणं, मग तिच्या हिरव्या बांगड्या, आणि सगळ्यात खाली बादली.

"अगं, खाडीचं पाणी भरून ठेवता की काय तुम्ही?" सरोजताई म्हणाल्या.

बादलीतलं पाणी गढूळ होतं. थोडंथोडकं नाही, राखाडी-काळं, दाट, कडेला फेसाची रेघ. जयाला तो रंग चांगला ओळखीचा होता. पण ती म्हणाली, "नाही हो. नळाचं असतं."

"मग फ्लॅशनं रंग खाल्ला असेल. ह्या कॅमेऱ्यांचं असंच. परवा माझ्या भाचीला हिरवी करून ठेवलीय."

दोघी हसल्या. जयालाही पटलं. डोंबिवलीहून रोज येणाऱ्या, दोन मशीन एकटीच्या हिमतीवर घेतलेल्या सरोजताईंना कॅमेऱ्यातलं कळणार नाही तर कोणाला कळणार? तरी संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं आधी बादलीत डोकावून पाहिलं. तळाची शिवण दिसेल इतकं पाणी नितळ होतं.

घरात भिवाजीकाका बसलेला होता. दामाजीचा हा धाकटा भाऊ. खाडी सोडून कारखान्यात लागलेला, आणि भाऊ गेल्यापासून ह्या दोघींना जिवापाड जपणारा. पण आज त्याचा चेहरा उतरलेला होता.

"कल्याणवाल्यांचा निरोप आलाय," तो म्हणाला. "पत्रिकेत बापाचं नाव कसं घालायचं ते इचारतायत. श्री का कै."

मनुबाई तांदूळ निवडत राहिली.

"वयनी, मी काय तुझा वैरी हाय? पण श्री छापला आनी मांडवात बापूसच नाय, तं लोक काय बोलतील? आताच बोलतात. दामाजी बुडाला नाय, पलून गेला, भिवंडीला दुसरा घर केला. माझ्या भावाला पलपुटा बोलतात, ते मना ऐकवत नाय."

"आनी कै छापला तं?" मनुबाईनं विचारलं.

 पत्रिकेवर एक अक्षर पडलं की मनुबाईचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार, आणि ज्या हळदीसाठी तिनं मुलगी वाढवली त्या हळदीला ती मागे उभी राहणार. आणि नाही पडलं, तर बापाच्या नावाला कायमचा डाग.  रोज दहा लोकांच्या नावांआधी हीच अक्षरं ती न बघता मारत होती.

"जया शिकलीय," मनुबाई शेवटी म्हणाली. "छापनारी पन तीच. तिला वाटल तसा छापू दे." आणि उठून चुलीकडे गेली.

भिवाजीकाकानं जाताना जयाकडे पाहिलं. "आजून एक सांगतो. मांडवात खुर्चीवर ठेवायला त्याचा फोटू बी नाय गो आपल्याकडं." ते खरं होतं. एकच होता, लग्नातला. खाडीचं पाणी घरात शिरलं त्या पावसात काचेला चिकटून गेला तो गेलाच. जयाला अलीकडे बापाचा चेहरा नीट आठवत नसे, आणि हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

३

मनात एकदा पाल चुकचुकली की ती गप्प बसत नाही. फ्लॅशनं रंग खाल्ला, ठीक. पण मग आईच्या बांगड्यांचा हिरवा रंग का नाही खाल्ला? मागच्या भिंतीचा चुना पांढरा तो पांढराच कसा?

जयानं छडा लावायचं ठरवलं. एका संध्याकाळी वीज होती. बाहेरचा दिवा लावून, फ्लॅश बंद करून तिनं बादलीचा फोटो काढला. मग जागची न हलता फ्लॅश चालू केला आणि दुसरा काढला. दोन्हींच्या मध्ये बटण सरकवण्यापुरताच वेळ गेला असेल. मागच्या इवल्याशा पडद्यावर दोन्ही सारखेच वाटले.

कॉम्प्युटरवर पहिल्या फोटोत नितळ पाणी उमटलं, दिव्याचं प्रतिबिंब घेऊन. दुसऱ्यात गाळ होता. पाणी वीतभर खाली गेलेलं, पायरी ओली, आणि काळा दगड आपल्या जागेवरून थोडा पुढे सरकलेला. टाच घासणारा माणूस पायाच्या बोटांनी दगड ओढून घेतो, बरोब्बर तेवढाच.

सरोजताई तेव्हा फोनवर होत्या. जयानं फोटोची खिडकी बंद केली आणि एका मुंजीच्या पत्रिकेचं काम पुढे ओढलं. 

त्या संध्याकाळी पुन्हा वीज गेली. मनुबाई स्टोव्हच्या उजेडात भाकरी थापत होती. जया भिंतीला टेकून बसली होती, आणि तिला आवाज आला. बाहेर, पायरीवर. खर्र, खर्र, खर्र. मांजर असेल. नारळाची झावळी भिंतीला घासत असेल. वाऱ्यानं झावळी हलते, हे जयानं स्वतःला समजावलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की वारा पडलेला आहे.

तिनं आईकडे पाहिलं. मनुबाईचे हात भाकरीवर थांबले होते. तिनं मान वर केली नाही, दाराकडे पाहिलं नाही, नुसती थांबली. आवाज बंद झाला, तशी तिनं भाकरी उलटी केली आणि पुन्हा थापायला लागली.

"आई, काही ऐकलंस?"

"काय ऐकायचाय? ज्येव तू."

म्हणजे आईला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते विचारायची हिंमत जयाला झाली नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षाही तिला एक वेडी आशा वाटली. बाबा पाय धुताहेत. रोज येताहेत. पळून गेलेले नाहीत, भिवंडीला नाहीत, कुठेही नाहीत, आपल्याच पायरीवर आहेत. ती तोंड दाबून रडली, आणि त्या रडण्यात थोडा आनंदही होता.

हा आनंद दोन दिवससुद्धा टिकला नाही.

४

बस्ता बांधून झाला तेव्हा चंद्रभागाकाकू, म्हणजे भिवाजीकाकाची बायको, सगळी लुगडी घेऊन घरी आली. दोघी जावांनी फरशीवर शालू पसरला. काकू म्हणाली, "काढ गो आमचा पन फोटू, त्या तुझ्या डबड्यान." अंधारून आलं होतं. जयानं फ्लॅश चालू ठेवून तीन-चार फोटो काढले. हसत-खिदळत वेळ गेला. काकूनं जाताना तेवढं म्हटलं, "मनू, तुझ्या पदराचा काठ कसा भिजलाय गो?" मनुबाई म्हणाली, "मोरीत लागला आसंल."

जयाला मग आठवलं की आईच्या पदराचा काठ अलीकडे रोजच ओला असतो. आई वाळत चालली होती. सकाळी तिचे हात हातात घेतले तर मासळीच्या टोपलीतल्या बर्फासारखे गार लागायचे. लग्नाची काळजी, असं सगळे म्हणायचे. जयाही तेच म्हणायची.

दुकानात फोटो वरून खाली उमटू लागला. फळीवरचे देव, आईचं कुंकू, काकूचं मोकळं हसू, शालूची जर. आणि मग फरशी.

उंबरठ्यापासून आतपर्यंत ओली पावलं उमटलेली होती. अनवाणी, रुंद, मोठ्या बोटांची. चिखल नव्हता त्यांना. स्वच्छ धुतलेल्या पायांची पावलं होती ती. एकामागून एक मनुबाईच्या पाठीशी येऊन थांबली होती, आणि शेवटची दोन जोडीनं टेकलेली, तिच्या पदराच्या काठाला लागून.

पुढच्या फोटोत मनुबाई डावीकडे सरकून बसली होती. पावलंही सरकली होती.

"फरशी पुसली होतीस का गं?" सरोजताईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. जयानं मान हलवली; हो की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. सरोजताईंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कॅमेरा नको असेल तर इथेच ठेवून जा. मी काही विचारणार नाही."

जयाला आता सरळ हिशेब दिसत होता. पाणी आहे म्हणून पाय धुतले जातात. पाय धुतले जातात म्हणून बाबा आत येतात. आणि आत येऊन ते आईजवळ बसतात, आणि आई दिवसेंदिवस गार होत चालली आहे. बाप परत यावा म्हणून तिनं चार वर्षं नवस केले होते. पण आई जावी म्हणून नव्हते केले.

तिच्या स्वतःच्या पत्रिकेचा मजकूर मशीनवर तयार होता. बापाच्या नावाआधीची जागा तिनं तेवढी मोकळी सोडली होती. जयानं ती फाईल उघडली. डोळ्यांत पाणी दाटल्यामुळे अक्षरं पोहत होती, पण बोटांना जागा माहीत होती. 'कै. दामाजी धाकू वैती' असं पडद्यावर उमटलं. ती उठून मागच्या मोरीत गेली आणि तोंड धुऊन बाहेर आली. मग तिनं छापायची आज्ञा दिली.

५

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते. जया ती घेऊन दिवस मावळताना घरी आली. मनुबाई शेजारच्या आळीत अक्षतांचे तांदूळ द्यायला गेली होती. पायरीवर बादली भरून ठेवलेली होती.

जया थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं बादली उचलली, पाणी माडाच्या बुडाशी ओतलं आणि बादली घरात नेऊन माळ्यावर उपडी घातली. काळा दगडही उचलून मोरीत टाकला. चिखलाच्या पायांनी बाबा कधी घरात आले नाहीत. पोटची पोर तापानं बरळत होती तेव्हाही नाही आले, तर आता काय येतील. बापाचा हा चांगुलपणा आपण त्याच्यावरच उलटवतो आहोत, हे तिला कळत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तरी तिनं ते केलं.

मनुबाई आली तीच दारात थबकली.

"बादली कुठं हाय?"

जयानं उत्तर द्यायच्या आधी वीज गेली. मनुबाईनं चाचपडत देवापुढचं निरांजन लावलं. त्या उजेडात तिला फळीवरची पत्रिका दिसली. तिला वाचता येत नव्हतं. पण चोपडीवर, देवाच्या तसबिरीवर, दुकानांच्या पाट्यांवर असणारं 'श्री' तिला डोळ्यांनी ओळखू यायचं. तिनं पत्रिका निरांजनाजवळ धरली आणि मधल्या ओळींवरून बोट फिरवलं. हरिहरच्या बापाच्या नावाशी बोट थांबलं. तिथे ते होतं. मग ते जयाच्या नावाखालच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"आई, मी..."

"बरा केलास." मनुबाईनं पत्रिका परत देवापुढे ठेवली, नीट, कडेला कड जुळवून. "मना नसता जमला ता. म्हनून तुझ्यावर टाकला." ती भिंतीशी खाली बसली. जयाही कॅमेरा मांडीवर घेऊन तिच्याशेजारी टेकली. मग मनुबाई एवढंच म्हणाली, "पन बादली नको व्हती गो काढायला. आता तो उभा रवल ना बाहेर."

घरात कसलाही आवाज नव्हता. बाहेर खाडीकडून येणारा नेहमीचा रातकिड्यांचा किरकिराट थांबला होता. दार उघडंच होतं, आणि त्यापलीकडे नुसता काळोख. गाळाचा वास मात्र येत होता, दाट, अगदी जवळून.

असं काही नसतं, जया मनात म्हणाली. ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो, त्याचा वास येतो. तिला खात्री करून घ्यायची होती. तिनं मांडीवरचा कॅमेरा उचलला, बसल्या जागेवरून दाराकडे धरला आणि बटण दाबलं.

फ्लॅशच्या उजेडात तिला स्वतःला काही दिसलं नाही. डोळे दिपले होते. मग मागचा पडदा उजळला. उंबरठा दिसत होता, आणि उंबरठ्यापलीकडे दोन पाय. गुडघ्यापर्यंत काळ्या गाळानं लिंपलेले, टाचेला टाच लावून अगदी कडेला उभे, बोटं उंबरठ्याच्या अलीकडे येणार नाहीत अशा बेतानं. कॅमेरा खाली धरलेला असल्यामुळे त्याच्या वरचं काही फोटोत आलं नव्हतं. जया बघत असतानाच सेल संपले आणि पडदा विझला.

ती किंचाळली नाही. तिच्या छातीत भीती होती तिथे काहीतरी फुटलं, आणि भीतीच्या जागी नुसतं दुःख भरून आलं. खाडीत चार वर्षं काढून घरी आलेला माणूस दारात उभा होता, आणि त्याच्या लेकीनं पाणी लपवून ठेवलं होतं.

ती उठली. अंधारातच माळ्यावरची बादली ओढून काढली, मोरीतल्या पिंपातून भरली आणि दगड काखेत घेऊन दारापाशी आली. तिनं दगड पायरीवर ठेवला. गार हवा मनगटाला लागली. ती उंबरठ्याच्या आत वाकून उभी राहिली आणि तिनं तांब्यानं पाणी ओतलं.

दगडावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो आणि पायावर पडणाऱ्या पाण्याचा वेगळा. लहानपणी रोज संध्याकाळी ऐकलेला तो आवाज जया जन्मात विसरली नसती. आधी डाव्या बाजूला ओतलं तिनं. टाचेवर, सावकाश. खर्र, खर्र. मग उजव्या बाजूला.

बादली रिकामी झाली. आता पुढचं वाक्य तिनं बोलायचं होतं, लहानपणी बोलायची तसं: बाबा, या आत.  या म्हणवत नव्हतं, आणि जा म्हणायला तोंड नव्हतं.

मागून मनुबाई आली. तिनं जयाला हातानं बाजूला केलं, पदर तोंडाकडे नेला आणि कपाळ पुसलं, एकदा, दोनदा, पूर्ण. मग नवऱ्याशी बोलावं तशी ती काळोखाशी बोलली. चार वर्षांत जयानं तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"झाले ना पाय? मंग आता जावा तुमी. ओहोटी हाय, बरा पडंल जायाला. पोरीची हलद तोंडावर हाय, तिच्या मांडवात कोन गार पडायला नको." तिचा आवाज इथे फाटला, पण तिनं तो सावरला. "माझी कालजी करू नका. मी येन माझ्या टायमाला."

थोड्या वेळानं रातकिडे पुन्हा किरकिरू लागले. वीज आली तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. पायरीवरून ओघळून गटाराकडे निघालेलं पाणी मात्र काळं होतं. ते कॅमेऱ्याशिवाय दिसत होतं, आणि दोघींनाही दिसत होतं.

६

हळदीच्या आदल्या दिवशी जया कॅमेरा परत करायला गेली. सरोजताईंनी नवे सेल घातले आणि वायर जोडली. "बघायचंय तुला?" त्यांनी विचारलं. जया हो म्हणाली.

शेवटचा फोटो वरून खाली उमटला. आधी गुडघे आणि भोवतीचा काळोख, मग पोटऱ्या, घोटे. रुंद पंजा, मोठी बोटं, डाव्या अंगठ्याला जुन्या जखमेचा वण. जया खुर्चीतून पुढे झुकली. पाय ओले होते, आणि स्वच्छ. गाळाचा एक ठिपका नव्हता त्यांच्यावर.

फोटो तर पाणी ओतायच्या आधी काढलेला होता. त्या इवल्या पडद्यावर पाय बरबटलेले होते, हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिनं ते सरोजताईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ताई, हा मोठा छापून द्याल?" सरोजताईंनी ठेवणीतला चांगला जाड कागद काढला.

मांडवात बापाच्या खुर्चीवर तो फोटो काचेच्या चौकटीत ठेवला होता, वर झेंडूचा हार. भिवाजीकाकानं चौकट बघितली तेव्हा डाव्या अंगठ्याचा वण बघून तो मटकन खालीच बसला; लहानपणी कोयता त्यानंच मारला होता. हा फोटू कवाचा, कोनी काढला, असं त्यानं कोणालाही विचारलं नाही. हरिहरच्या आईनं मात्र हळूच विचारलं, "विहीणबाई, तोंडाचा फोटो नव्हता का हो?"

मनुबाईच्या पांढऱ्या कपाळावर घाम आला होता. हिरव्या बांगड्यांच्या जागी मनगटांवर फिकट वळ उरले होते. पण हात कितीतरी दिवसांनी ऊबदार होते; सकाळी जयाला न्हाऊ घालताना ते जयाला जाणवले होते.

"तोंड तं मी इसरत चालली व्हती," ती म्हणाली. "पाय तेवढं ओलखीचं रायलं."

जया वाकून त्या पायांच्या पाया पडली. मग वऱ्हाड निघालं, वाजंत्री लागली, आणि ती आईचा हात सोडून पायरी उतरली. चार वर्षं बादली ठेवलेल्या जागी दगडावर गंजाचं एक गोल वर्तुळ उमटलं होतं. त्यावर पाय न देता, आळीतल्या पोरांसारखा वळसा घालून ती पुढे गेली.